सड्यावरून मॉडेल रॉकेट: किटपासून उड्डाणापर्यंत

कोकणात मॉडेल रॉकेट उडवायचं असेल तर आधी जागा बघा आणि मग किट मागवा. जुळणी कुणालाही जमेल अशी असते. पण वर गेलेलं रॉकेट खाली कुठे येणार याचा विचार आपल्याकडे फार करावा लागतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला आंबा-काजूची कलमं आणि मधल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, डिसेंबर उजाडला की वाळून कोळ झालेलं गवत. माझी स्वतःची हापूसची बाग आहे. सड्यावरून आलेल्या वणव्यात वीस-पंचवीस वर्षांची कलमं होरपळलेली मी पाहिली आहेत. म्हणून हा अनुभव लिहिताना उतरण्याची बाजू जरा जास्तच सांगणार आहे.

रॉकेटचा ध्यास माझ्या पुतणीचा. ती आठवीत आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून भारताने पहिलं रॉकेट सोडलं आणि तिथल्या चर्चच्या इमारतीत शास्त्रज्ञ काम करत, हे तिने शाळेत ऐकलं होतं. "काका, आपला गाव पण समुद्रावरच आहे ना?" एवढंच तिचं म्हणणं. मला ते पटलं.

मॉडेल रॉकेट म्हणजे दिवाळीतलं रॉकेट नव्हे, हे मला पुढे जागोजागी समजावत फिरावं लागलं, तेव्हा इथेही सांगतो. दिवाळीतलं रॉकेट एकदाच उडतं आणि पडेल तिथे पडतं. मॉडेल रॉकेट परत आणायचं असतं. पुठ्ठ्याची नळी, बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचे पंख, प्लॅस्टिकचं टोक आणि पोटात घडी घातलेली छत्री, म्हणजे पॅराशूट. इंजिन तेवढं दर वेळी नवीन बसवायचं. ते बोटभर लांबीचं कागदी नळकांडं असतं, आत काळी दारू दाबून भरलेली. ती जळते तोवर रॉकेट चढतं. मग एक सावकाश जळणारा थर असतो, तो जळेपर्यंत रॉकेट मिळालेल्या वेगावर वर जात राहतं. शेवटी एक छोटा बार उडतो, तो टोक ढकलून छत्री बाहेर काढतो.

इंजिनावर 'ए८-३', 'बी६-४' असं छापलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण जोर. ए म्हणजे जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, बी ५, सी १०, असं दर अक्षराला दुप्पट. पहिला अंक सरासरी जोर न्यूटनमध्ये सांगतो. दुसरा अंक दारू संपल्यापासून बार उडेपर्यंतचे सेकंद. एवढं पाठ करून ठेवा, परवानगीच्या अर्जात लागतं.

इंजिन घरी बनवायचा विचारसुद्धा करू नका. १९५०च्या दशकात अमेरिकेत मुलं पाइपात दारू ठासून रॉकेटं बनवत आणि त्यात बोटं, डोळे, कधी जीवही जाई. नेब्रास्कातल्या ऑर्व्हिल कार्लाइल या चपला-बुटांच्या दुकानदाराने १९५४च्या सुमारास तयार, बदलता येणाऱ्या इंजिनावर उडणारं हलकं रॉकेट बनवलं आणि जी. हॅरी स्टाइन या रॉकेट अभियंत्याने त्याला नियमांची शिस्त लावली. १९५७ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. हा छंद जन्मालाच आला तो मुलांचे हात वाचावेत म्हणून.

किट १४ जूनला कुरियरने आलं, १,९०० रुपये अधिक कुरियरचे १५०. त्यात इंजिन नव्हतं, आणि नसणारच. काळी दारू म्हणजे स्फोटक. तिला १८८४चा स्फोटके कायदा आणि २००८चे स्फोटके नियम लागू होतात आणि हे सगळं बघणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. पोस्टाने किंवा रेल्वेच्या डब्यातून असली वस्तू पाठवता-नेता येत नाही. आम्ही किट ज्यांच्याकडून घेतलं त्या प्रशिक्षक सरांकडे रीतसर कागदपत्रं होती. इंजिनं आणि सोडायचा चौथरा घेऊन ते स्वतः त्यांच्या गाडीने येतील असं ठरलं. इंजिन शेवटपर्यंत आमच्या घरात आलं नाही, आणि ते तसंच असावं.

आता जुळणी. बागेला पावसाळ्यात काम कमी, म्हणून आम्ही जून-जुलै निवडला. हवेतलं पाणी हा त्यातला खरा अडथळा. माहितीपत्रकात डिंक सुकायला जेवढा वेळ दिलेला असतो, तो आपल्या आषाढात दुप्पट-तिप्पट धरा. बाल्साचा पत्रा दोन दिवस उघडा राहिला तर हाताला दमट लागतो आणि कडेने किंचित वळतो. आम्ही झाकणाचा मोठा डबा घेतला, तळाशी भाजून गार केलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवले आणि काम झालं की प्रत्येक भाग त्यात. तांदूळ दर चार-पाच दिवसांनी पुन्हा भाजायचे. वहिनीने तव्यासकट हे काम अंगावर घेतलं.

सुरुवात इंजिनाच्या खोबणीपासून होते. छोट्या नळीवर पुठ्ठ्याच्या दोन कड्या बसवायच्या, इंजिन मागे सरकू नये म्हणून लोखंडी आकडा आणि पुढे सरकू नये म्हणून आत एक जाड कडी. ही खोबण मोठ्या नळीत सरकवताना डिंक नळीच्या आत लावायचा आणि एका दमात ठरलेल्या जागेपर्यंत ढकलायचं. मध्ये क्षणभर थांबलात तर ओला पुठ्ठा फुगतो आणि खोबण अर्ध्यावरच घट्ट बसते. आम्ही कोरड्यानेच चार-पाच वेळा सराव केला आणि कुठवर ढकलायचं त्याची खूण हिराच्या काडीवर करून ठेवली.

पंख लावायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि मला सगळ्यात आवडलेलं काम तेच. बाल्साचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हवेत, आडवे असतील तर पंख तिथेच मोडतो. पुढची कड गोलसर घासायची, मागची निमुळती. पुतणी एकेक पंख कानाशी धरून बारीक पॉलिशपेपरने घासायची, कारण खरखर थांबली की कड गुळगुळीत झाली हे आवाजावरून कळतं. नळीवर सरळ रेषा मारणं अवघड, नळी गोल असल्याने पट्टी घसरते. ॲल्युमिनियमच्या खिडकीचा कोनाचा तुकडा नळीवर टेकवला की रेष आपोआप सरळ येते. पंख चिकटवताना आधी डिंकाचा पातळ हात द्या, तो सुकू द्या, मग दुसरा हात देऊन पंख दाबा. दोन-तीन मिनिटांत धरतो. पूर्ण सुकल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंनी बोटाने डिंकाची गोलसर मळी भरायची. ही मळी भरलीत तर खडकावर आपटूनसुद्धा पंख सहसा मुळातून निघत नाही.

छत्री पातळ प्लॅस्टिकची, साधारण ३० सेंटिमीटरची. खाऱ्या दमट हवेत तिच्या घड्या एकमेकींना चिकटतात, म्हणून घडी घालण्याआधी टाल्कम पावडर भुरभुरायची. ती घडी आणि इंजिन यांच्यामध्ये न पेटणाऱ्या खास कागदाचे बोळे घालावे लागतात, नाहीतर बाराच्या धगीने प्लॅस्टिक वितळतं. इथे साधा टिश्यू पेपर चालत नाही. तो पेटतो आणि पेटता सड्यावर पडतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रंगाची वेळ आली. पावसाळी हवेत फवारलेला लॅकर सुकताना पांढुरका होतो, हे माहीत होतं. आमच्या वाडीत गणपतीची शाळा आहे. तिथले मूर्तिकार दादा त्या दिवसांत मान वर करायला मोकळे नसतात, पण पुतणीच्या हातातली वस्तू बघून त्यांनी स्वतःच ती मागून घेतली. मोठे बल्ब लावून ऊब केलेल्या त्यांच्या खोलीत, सीलर घासून गुळगुळीत केलेल्या रॉकेटवर त्यांनी भडक नारिंगी रंगाचा एक पातळ हात मारला. दुसरा हात मी नको म्हटलं, कारण रंगाचंही वजन होतं. नारिंगी अशासाठी की काळ्या कातळावर आणि पिवळ्या गवतात तोच लांबून दिसतो. निळा किंवा पांढरा रंग आभाळात हरवतो. दादांनी पैसे घेतले नाहीत. फेविकॉल, पॉलिशपेपर, सीलर आणि रंग मिळून ६४० रुपये झाले.

मग वजन. सोनाराच्या काट्यावर रॉकेट भरलं ४६ ग्रॅम. सरांनी सांगितलं होतं, त्यांच्याकडचं सगळ्यात जड इंजिन २४ ग्रॅमचं आहे, ते धरून तोल बघा. बांबूच्या कांडीत माती भरून तेवढ्याच वजनाचं आणि आकाराचं खोटं इंजिन बनवलं. रॉकेटचा तोल जिथे सावरतो तो बिंदू वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाएवढा पुढे हवा. तसं नसेल तर रॉकेट हवेत कोलांट्या घेतं. ढोबळ परीक्षा सोपी आहे. तोलाच्या जागी दोरी बांधून रॉकेट गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आमचं आधी आडवं फिरलं. टोकात ४ ग्रॅम प्लॅस्टिसीन दाबल्यावर सरळ फिरू लागलं. पुतणी अंगणात ते फिरवत होती तेव्हा शेजारचे तात्या गडग्यावर येऊन बसले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "तां वर जातला, खरां. पण पडतला खंय?"

पुळणीवर उडवूया, असं बहुतेकांनी सुचवलं होतं. ओहोटीला वाळू ऐसपैस मोकळी, आगीची भीती नाही. पण हिशेब करून बघा. छत्री १५० मीटरवर उघडली आणि सेकंदाला साडेचार मीटरने खाली आली, तर तिला तेहेतीस-चौतीस सेकंद लागतात. वारा सेकंदाला चार मीटरचा असेल तर रॉकेट तेवढ्यात १३० मीटर वाहत जातं. सकाळी मतलई वारा असतो, म्हणजे ते समुद्रात. दुपारी खारा वारा असतो, म्हणजे माडांत किंवा सुरूच्या बनात. सडाच बरा. आम्ही निवडलेल्या सड्यावर अडीचशे मीटरच्या आसपास मोकळा कातळ आहे. अमेरिकी संघटनेची नियमावली ए इंजिनाला निदान ३० मीटर, बीला ६० आणि सीला १२० मीटर लांबी-रुंदीचं मैदान मागते. त्या मानाने जागा पुरेशी होती.

आता सड्याचा सातबारा. कोकणातल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. सामाईक जमीन, नावांची भली मोठी रांग, निम्मी माणसं मुंबईत, काही नावं तर आजोबांच्या पिढीतली. पोलिसांकडे अर्ज करताना जागामालकांची संमती लागणार हे उघड होतं. म्हणून २७ ऑगस्टच्या चतुर्थीला चाकरमानी घरी आले तेव्हा, आरत्यांच्या फेरीतच मी संमतीपत्र फिरवलं. पाच दिवसांत जेवढ्या सह्या झाल्या तेवढ्या एरवी वर्षात झाल्या नसत्या. असलं कुठलंही काम असेल तर सह्या गणपतीतच घ्या.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला मासिक सभेनंतर मिळाला. तिथून तहसील कार्यालय. त्यांनी हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय आहे म्हणून पोलीस ठाण्यात जायला सांगितलं. ठाण्यात हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "दिवाळीचं रॉकेट असेल तर परवानगी कशाला? आणि दिवाळीचं नसेल तर मग हे आहे काय?" प्रश्न रास्त होता. किनाऱ्यावरच्या ठाण्याला अशा वस्तूबद्दल सावध राहावंच लागतं. मी रॉकेटच सोबत नेलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, टोक काढून छत्री बाहेर ओढली, आणि त्यानंतरचं बोलणं सोपं झालं. अर्जाबरोबर काय जोडलं ते सांगून ठेवतो: सातबारा, संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, सरांच्या परवान्याची साक्षांकित प्रत, जागेचा हाती काढलेला नकाशा, आणि एका पानावर रॉकेटचं वजन, इंजिनाचा प्रकार, अपेक्षित उंची व आगीची तयारी. विमानतळ किती लांब आहे हेही लिहा, ते विचारतातच. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. अर्ज सप्टेंबरअखेर दिला, परवानगी ४ नोव्हेंबरला हाती आली. या मधल्या काळात पुतणी रोज विचारायची आणि मी रोज "येईल गं" म्हणायचो, पण आतून मलाही धाकधूक होती. उशीर झाला असता तर गवत वाळलं असतं आणि मीच नाही म्हटलं असतं.

दिवस ठरवला रविवार, २३ नोव्हेंबर. थुंब्याची तारीख शुक्रवारी येत होती, पण शाळेतल्या मुलांना आणायचं तर रविवारच सोयीचा. आठवडाभर आधी चौथऱ्याभोवतीचं पंधरा मीटरपर्यंतचं गवत कापून बाहेर नेलं. आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी फवारणीच्या पंपाने भोवतीचा भाग भिजवला. पाण्याचं बॅरल आणि पंप चालू स्थितीत, पाइप धरून माझा एक गडी, आणि ओल्या गोणपाटाचे तुकडे घेऊन दोन मोठी माणसं वाऱ्याच्या दिशेला. बागायतदाराकडे हे सगळं सामान असतंच, शाळा करणार असेल तर बागायतदाराला सोबत घ्या.

वेळ आम्ही मच्छीमारांना विचारून ठरवली. मतलई पडतो आणि खारा लागतो त्यामध्ये, साडेनऊ-दहाच्या सुमारास, वारा काही वेळ अगदी मंदावतो. अगरबत्तीचा धूर सरळ वर जायला लागला की तयारी करायची. सरांनी सगळ्यांना मागे घेतलं. नियमावलीप्रमाणे एवढ्या लहान इंजिनाला पाच मीटर अंतर पुरतं, सरांनी दहा ठेवलं आणि मुलांना त्याच्याही मागे. बटणाच्या पेटीची किल्ली फक्त सरांच्या गळ्यात.

उलटी मोजणी झाली, पुतणीने बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. सरांनी किल्ली काढली आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट कुणाला हलू दिलं नाही. मग एकटेच पुढे गेले. पेटवणीच्या तारेला लावलेल्या चिमट्यांवर खाऱ्या हवेने हिरवट थर आला होता. पॉलिशपेपरने दोनदा घासल्यावर काम झालं. किनाऱ्यावर चिमटे दर वेळी घासूनच लावा.

दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा 'फस्स' असा एक आवाज झाला आणि चौथरा रिकामा. मी मान वर करेपर्यंत रॉकेट डोळ्याला बारीक झालं होतं, मागे पांढऱ्या धुराची सरळ रेघ. मग रेघ संपली, ते नुसतंच वर जात राहिलं, आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं, कारण हे तीन सेकंद फार लांब वाटतात. वर छोटासा पांढरा पुंजका दिसला, 'टप्' आवाज मागाहून आला, आणि छत्री उघडली. मुलांनी जो गलका केला तो खालच्या वाडीत ऐकू गेला म्हणे. पुतणी ओरडली नाही. ती माझा हात गच्च धरून छत्रीकडे बघत होती.

उंची मोजायला मुलांनी कोनमापकाला स्ट्रॉ आणि ओळंबा बांधून साधन बनवलं होतं. चौथऱ्यापासून १०० मीटरवर उभं राहून सगळ्यात वरच्या बिंदूचा कोन घ्यायचा. पहिला कोन ३८ अंश आला. त्याचा टॅन (टँजंट) ०.७८, त्याला १०० मीटरने गुणलं की ७८ मीटर, त्यात डोळ्याची उंची मिळवली की जवळपास ८०. हे ए८-३ इंजिन. नंतर बी६-४ लावलं, तेव्हा कोन ५४ अंश आला, म्हणजे १४०च्या आसपास. त्याआधी सरांनी छत्रीच्या मध्यभागी गोल भोक पाडून घेतलं होतं. त्याने ती थोडी वेगाने उतरते आणि कमी वाहते. तरीही खारा वारा लागला होताच, रॉकेट कातळाच्या पूर्वेकडच्या कडेला जाऊन टेकलं आणि एक पंख मधोमध तडकला. सांधा मात्र जागचा हलला नव्हता.

सी इंजिन आणलं होतं, मुलांचा आग्रहही होता. पण वारा वाढत होता आणि पूर्वेला माझ्याच नव्हे तर इतरांच्याही बागा होत्या. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि ते इंजिन पेटीतच राहिलं. वापरलेली नळकांडी आणि उरलेली इंजिनं सर परत घेऊन गेले. आम्ही अर्धा तास सड्यावर थांबून बोळ्यांचा प्रत्येक तुकडा वेचला आणि जमिनीला हात लावून कुठे ऊब नाही ना ते बघितलं.

सरांचा प्रवास, इंजिनं आणि मानधन मिळून ६,५०० रुपये झाले. त्यातले निम्मे शाळेच्या पालकांनी जमवले. झेरॉक्स, टायपिंग आणि साक्षांकनाचा खर्च किरकोळ. सोमवारी ठाण्यात जाऊन कार्यक्रम सुरळीत पार पडल्याचं पत्र देऊन आलो. कुणी मागितलं नव्हतं, पण पुढच्या वर्षी अर्ज करताना त्याची प्रत जोडता येईल. तडकलेल्या पंखात पातळ डिंक सोडून तो रात्रभर दोन पट्ट्यांत दाबून ठेवला, आता तो सरळ आहे. पुतणीला डिसेंबरात पुन्हा उडवायचं होतं. डिसेंबर ते मे सड्यावर काहीही पेटवायचं नाही, हे तिला गवत हातात देऊन समजावलं. पुढचं उड्डाण पाऊस गेल्यावर, आणि संमतीपत्राचा नवा कागद येत्या चतुर्थीला.